ढीग दुसऱ्याचा

रेल्वेला दीडशे वर्षे झाली म्हणून 2003 साली दोन रुपयांचे एक नाणे चलनात आले. अकरा कडांचे, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, आणि त्यावर हातात कंदील धरलेला भोलू गार्ड, म्हणजे रेल्वेचे बोधचिन्ह असलेला हत्ती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्याची ही आठवण. भुसावळ तर रेल्वेनेच मोठे केलेले गाव. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी.आय.पी.) रेल्वे कंपनीचा रूळ 1860 च्या दशकात इथे आला, एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडव्याकडे गेला, आणि मागोमाग लोको शेड, यार्ड, वसाहती उभ्या राहिल्या. अशा गावात भोलूचे नाणे घरोघरी डबीत जपलेले असेल असे कुणालाही वाटेल. पण ते चहाच्या गल्ल्यातून रिक्षावाल्याच्या खिशात आणि तिथून भाजीवालीच्या पोत्याखाली असे फिरतच राहिले. दोन रुपये म्हणजे दोन रुपये. हत्तीकडे बघायला वेळ कुणाला?

तसा वेळ काढणारी दोन-चार माणसे मात्र गावोगाव असतात. कुणी निवृत्त ड्रायव्हर, कुणी शाळामास्तर, कुणी नववी-दहावीतला मुलगा. सुटे हातात आले की ती खिशात टाकण्याआधी उलटून बघतात. व्यापाऱ्याकडून नाणी विकत घेऊन संग्रह करणारे निराळे. त्या छंदाला पैसा लागतो. चलनातल्या चिल्लरीतून शोधणाऱ्याला लागते ती नजर, आणि दुसऱ्याची चिल्लर. या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, आणि या छंदातले बहुतेक रीतीरिवाज नेमके तिथूनच निघतात. नाणे आपले होण्याआधी ते कुणाच्या तरी दिवसभराच्या धंद्याचे भांडवल असते.

आपल्या चिल्लरीत शोधायचे काय, ते आधी सांगायला हवे. अमेरिकेत बँकेतून नाण्यांच्या गुंडाळ्या आणून धुंडाळणारे लोक चांदीच्या मागे असतात. तिथली 1964 पर्यंतची डाइम आणि क्वार्टर 90 टक्के चांदीची होती आणि त्यातले एखादे नाणे आजही हाती लागते. आपल्याकडे ती आशा नाही. राणीछाप आणि राजाछाप रुपयांत बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. दुसऱ्या महायुद्धात ती निम्म्यावर आली, 1947 चा रुपया तर निकेलचा निघाला, आणि चांदीचे रुपये केव्हाच मोडीत किंवा तिजोरीत गेले. ब्रिटनमध्ये लोक 2009 चे क्यू गार्डन्सचे पन्नास पेन्स शोधतात, कारण ते फक्त 2,10,000 निघाले. आपल्या चलनात इतके कमी पाडलेले नाणे सहसा येतच नाही. मग उरते ते वैविध्य: कुठल्या टांकसाळीचे, कुठल्या वर्षाचे, कशाच्या निमित्ताने काढलेले, आणि पाडताना कुठे चुकलेले.

यातली टांकसाळीची खूण ही बहुतेकांची पहिली पायरी. नाण्यावरच्या सालाच्या खाली बघायचे. हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. नवशिक्या इथे हमखास घसरतो. कोलकात्याचे साधे नाणे हातात घेऊन ‘खूणच नाही, चुकलेले नाणे सापडले’ म्हणून नाचतो. त्याला हसायचे नाही, हा पहिला शिष्टाचार. सगळेच एकदा त्या खड्ड्यातून गेलेले असतात.

खरी मौज परदेशी खुणांत आहे. 1980 आणि 90 च्या दशकांत देशात सुट्यांची टंचाई झाली तेव्हा सरकारने बाहेरच्या टांकसाळींतून नाणी पाडून आणली. 1985 च्या रुपयावर बर्मिंगहॅमचा ‘एच’ दिसतो, त्याच सालच्या पंचवीस पैशांवर कॅनडातल्या ओटावाचा ‘सी’. 1997 च्या रुपयावर मेक्सिकोची खूण, 1998 च्या रुपयावर प्रिटोरियाची, 1999 च्या पाच रुपयांवर मॉस्कोची. आणि ‘एमके’ अशी दोन अक्षरे असतील तर तो रुपया स्लोव्हाकियातल्या क्रेम्निका या डोंगरी गावातून आलेला. तिथली टांकसाळ 1328 पासून चालू आहे. भुसावळच्या जामनेर रोडवरच्या किराणा दुकानात आलेला एक रुपया सातशे वर्षे जुन्या टांकसाळीतला निघावा, आणि तरीही दुकानात त्याची किंमत एक रुपयाच राहावी, यात जी गंमत आहे ती ज्याला कळली तो या छंदात अडकला म्हणून समजा.

निमित्ताची नाणी तर मराठी माणसाला घरचीच वाटतील. 1999 मध्ये दोन रुपयांवर छत्रपती शिवाजी महाराज आणि एक रुपयावर संत ज्ञानेश्वर आले, 2002 मध्ये एक रुपयावर संत तुकाराम, 2007 मध्ये पाच रुपयांवर लोकमान्य टिळक. डॉ. आंबेडकर 1990 च्या एक रुपयावर आहेत आणि पुन्हा 2015 च्या दहा रुपयांवर. यातली बरीचशी आजही कायदेशीर चलन आहेत. दुकानात दिली तर घ्यावी लागतील.

आता दुकानाकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

गल्ल्यातली चिल्लर बघू देता का, असे विचारायला जायचे तर वेळ पाहावी लागते. सकाळी भवानी व्हायच्या आधी नोट पुढे करून ‘सुटे द्या’ म्हणणारा माणूस दुकानदाराला अपशकुनासारखा वाटतो. दिवसाची पहिली देवघेव मालाची व्हावी, नुसत्या मोडीची नको, अशी त्याची भावना. दिवेलागणीला गल्ल्यातून पैसे काढून द्यायलाही पुष्कळ जण कचरतात. या समजुती आपल्याला पटोत न पटोत, गल्ला त्याचा आहे. बाजाराच्या दिवशी आणि सणाच्या आठवड्यात तर विचारूच नये. त्या दिवसांत सुटे नसले तर गिऱ्हाईक परत जाते, आणि आपण मात्र पन्नास रुपयांची नाणी पुड्यात बांधून घरी नेतो, ती केवळ सालवार लावून बघण्यासाठी. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. दुकान पेंगत असते, मालकालाही बोलायला कुणीतरी हवे असते.

आधी नोट द्यायची, मग नाणी घ्यायची. दोघांच्या देखत मोजायची, आणि काउंटरवर पसरून बसायचे नाही. घरी नेऊन बघावे आणि नको असलेली नाणी दुसऱ्या दिवशी परत करावीत. पुष्कळ दुकानदारांना हे उलट आवडते, कारण परत येणारी चिल्लर मोजून, शंभर-शंभरच्या पुड्या करून आलेली असते. एखाद्या ठिकाणी ओळख झाली की उभ्या उभ्या बघू देतात. तेव्हा एक नाणे उचलले तर तितक्याच किमतीचे दुसरे आधी ठेवायचे आणि मग उचललेले खिशात घालायचे. क्रम उलटा झाला की संशयाला जागा राहते, आणि चिल्लरीच्या बाबतीत गेलेला विश्वास पुन्हा मिळत नाही. ‘तो नाणी बघायला येतो’ आणि ‘तो गल्ल्यात हात घालतो’ या दोन वाक्यांमध्ये फार अंतर नसते.

एस.टी.च्या कंडक्टरला मात्र सोडून द्यावे. त्याच्या पिशवीतला रुपयान् रुपया तिकिटांशी जुळवून आगारात भरायचा असतो, मागे गाडी भरलेली असते आणि पुढचा थांबा जवळ आलेला असतो. आपल्या हातात जे सुटे त्याने दिले तेवढेच बघावे. फलाटावरच्या विक्रेत्याचेही तसेच: गाडी उभी असताना त्याचे एकेक मिनिट मोलाचे.

चिल्लर अडवून ठेवणे हा या छंदातला सर्वांत मोठा अविवेक, आणि तो करणारा बहुधा स्वतःला निरुपद्रवी समजतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुट्यांची टंचाई होती तेव्हा शंभराच्या नोटेला कमी नाणी देऊन बट्टा कापणारे लोक होते, आणि दुकानदार रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवत. पाच रुपयांची जाड नाणी ब्लेडच्या पत्त्यांसाठी बांगलादेशात जातात अशा बातम्याही त्या काळात वर्तमानपत्रांत येत. नाण्याचा धातू त्याच्या दर्शनी किमतीहून महाग झाला की असे होते, आणि पुढे सरकारला नाणी हलकी करावी लागली. 2011 च्या नाणे कायद्याने चलनातले नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. छंदिष्ट काही वितळवत नाही, पण हजार नाणी बघून त्यातली पाच ठेवायची आणि उरलेली नऊशे पंच्याण्णव कपाटाखाली वर्षभर पडू द्यायची, याचा परिणाम बाजाराच्या दृष्टीने तोच. बघून झालेला ढीग लवकरात लवकर वाहत्या चलनात सोडला पाहिजे.

तो कुठे सोडायचा यालाही रीत आहे. अमेरिकेतले शोधक ज्या बँकेतून गुंडाळ्या आणतात तिथे त्या परत भरत नाहीत. एक तर तीच नाणी पुन्हा पदरात पडतात, आणि दुसरे म्हणजे कॅशियर वैतागतो. आपल्याकडे बँकांनी नाणी स्वीकारलीच पाहिजेत असे रिझर्व्ह बँकेने वारंवार बजावले आहे, आणि शंभर नाण्यांची एक अशा पारदर्शक पिशव्या करून दिल्या तर दोघांच्या सोयीचे, असेही तिच्या सूचनांत आहे. तेव्हा बँकेत जायचे तर पिशव्या करून, पगाराची आणि पेन्शनची तारीख टाळून. भुसावळात पेन्शनर किती आहेत हे वेगळे सांगायला नको. पहिल्या आठवड्यात तिथे चिल्लरीची थैली घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस शिव्या खाण्याच्याच लायकीचा. त्याहून बरे म्हणजे ज्यांना सुटे हवे असतात त्यांना थेट देणे: झेरॉक्सवाला, दूधवाला, गाडीवरचा वडेवाला. मात्र एकाच्याच गळ्यात पाचशे नाणी मारू नयेत. एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी एका वेळी हजार रुपयांपर्यंतचेच देणे कायदेशीररीत्या फेडता येते. पन्नास पैशांच्या नाण्यांची मर्यादा तर दहा रुपयांची आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. आठ आणे अजून कायद्याने चालतात, पण ते घ्या म्हणून भाजीवालीशी कायदा बोलत बसणाऱ्याने आपला छंद बदनाम केला म्हणून समजावे.

छंदिष्टाला दुकानदाराची परतफेडही करता येते. दहा रुपयांची नाणी खोटी आहेत अशी आवई मध्यंतरी महाराष्ट्रातल्या अनेक गावांत उठली होती. कुणी म्हणे रुपयाचे चिन्ह असलेले खरे, कुणी म्हणे दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की तोवर चौदा प्रकारची दहाची नाणी निघाली आहेत आणि ती सगळी खरी आहेत. हे सगळे प्रकार ओळीने मांडून दाखवू शकेल असा गावात एकच माणूस असतो, तो म्हणजे हा चिल्लर बघणारा. त्याने चौदातली आठ-दहा नाणी दुकानात नेऊन दाखवली आणि ‘नको असतील तर मला द्या, मी नोट देतो’ म्हटले, तर दुकानदाराची अडचण सुटते आणि याचीही चंगळ होते.

नाणी उलटून पालटून बघणे हा आपल्याकडे एकेकाळी प्रतिष्ठेचा पेशा होता. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालत. भुसावळहून जवळच्या बऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, तिथले रुपयेही त्यात. प्रत्येकाचा कस निराळा, म्हणून प्रत्येकाला बट्टा निराळा. सरकारी खजिन्यात आलेले नाणे पारखायला पोतदार, बाजारात सराफ. सराफ नाणे वाजवून, कापून, त्यावर आपला छोटा ठसा मारून खात्री करून घेत. जुन्या रुपयांवर असे ठसे आजही दिसतात. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने एकाच वजनाचा आणि कसाचा रुपया आपल्या सगळ्या मुलखासाठी काढला आणि पोतदाराच्या नजरेचे काम हळूहळू संपत गेले. पण त्या पेशातली एक शिस्त आजही चालण्यासारखी आहे: पारख मालकासमोर व्हायची, पाठीमागे नाही.

इथे एक अवघड प्रश्न येतो. दुकानदाराच्या गल्ल्यात क्रेम्निकाचा रुपया किंवा ठसा फिरलेले पाचाचे नाणे सापडले, आपण त्याला दर्शनी किंमत देऊन ते घेतले, तर ही फसवणूक झाली का? माझ्या मते नाही. ते नाणे पुढच्या गिऱ्हाइकाला तो त्याच किमतीला देणार होता. आपण वापरली ती आपली नजर. पण त्याने विचारले, ‘यात काय एवढे?’ तर खरे सांगायचे. शंभरला जाईल असे वाटत असेल तर शंभर म्हणायचे, आणि त्याने ठेवून घेतले तर हसून सोडायचे. बहुतेक वेळा उत्तर इतके माफक असते की तो स्वतःच म्हणतो, घेऊन जा.

मात्र शेजारच्या आजींनी सासऱ्यांच्या वेळचा डबा आणून समोर उपडा केला की हिशेब बदलतो. त्यात भोकाचा पैसा असेल (युद्धकाळात तांबे वाचवायला 1943 पासून मधे भोक ठेवून पाडलेला), एखादी शिवराई असेल, निकेलचे रुपये असतील. ही चिल्लर नाही. कुणीतरी ही नाणी वाहत्या चलनातून मुद्दाम बाजूला काढली, जपली. अशा नाण्याला दर्शनी किंमत देणे म्हणजे सरळ लुबाडणे. तिथे काय काय आहे ते एकेक करून सांगावे, अंदाजे भाव सांगावा, आणि विकायचे नसेल तर स्वच्छ कागदात गुंडाळून डबा परत द्यावा. घ्यायचेच असेल तर घरातल्या आणखी कुणाला तरी बोलवावे, मग व्यवहार करावा. चलनातले नाणे आणि जपलेले नाणे यांतला हा फरक ज्याला कळत नाही त्याला गावातले अनुभवी लोक टेबलाशी बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

भाव सांगताना अलीकडे एक नवे संकट आहे. 2012 साली वैष्णोदेवीच्या चित्राची पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. त्यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ इतके फिरले की लोक नाणे मुठीत घट्ट धरून विचारायला येतात. ते नाणे फार तर थोड्या जादा पैशांचे, हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो. तरी सांगावेच लागते. कारण पुढची पायरी फसवणुकीची असते. ‘तुमचे नाणे आठ लाखांना घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा’ असा फोन येतो, आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले जाते. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेने पत्रक काढून स्पष्ट केले की ती असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि कुणालाही तिच्या नावाने शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकार दिलेला नाही. हे पत्रक मोबाइलमध्ये ठेवून दाखवणारा छंदिष्ट गावाच्या जास्त उपयोगी पडतो. स्वतःच्या शोधाची बढाई मारताना फुगवलेला आकडा सांगणारा मात्र त्या व्हिडिओवाल्यांचाच भाऊबंद.

काही नाण्यांना हातच लावायचा नसतो. ओटीत आलेला, हळदीकुंकवाने माखलेला रुपया. पूजेतल्या सुपारीशेजारचे नाणे. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला शकुनाचा रुपया. पाकीट फोडून रुपया कुठल्या टांकसाळीचा ते बघणारे पाहुणे असतात, आणि त्यांची चर्चाही होते. दानपेटीतली चिल्लर विश्वस्त मोजतात, तिथे परवानगीने मदतीला बसणे निराळे. खंडव्याकडे जाणारी गाडी गावाबाहेर तापीवरच्या पुलावर आली की खिडकीतून नाणे टाकून हात जोडणारे आजही दिसतात. नदीत पडलेली नाणी दोरीला लोहचुंबक बांधून काढणारी मुले घाटाघाटांवर असतात, आणि तो त्यांचा रोजगार. त्यांच्या चुंबकाला 1992 नंतरचा पोलादी रुपया चिकटतो, भोलूचे तांबे-निकेलचे नाणे चिकटत नाही; हे जाणणाऱ्याने नदीकाठी जाऊन त्यांच्याशी स्पर्धा मांडू नये. पण आपली वर्गवारी करताना चुंबक जरूर वापरावे. ढीग क्षणात दोन धातूंत विभागला जातो आणि निम्मे काम होते.

चार छंदिष्ट एकत्र बसले की तिथली रीत जास्त कडक. खाली कापड, नाणे धरायचे ते कडेने, दोन बोटांत, आणि कापडाच्या वरच. पडले तर कापडावर पडेल. बोटाचा घाम नव्या कोऱ्या नाण्यावर ठसा सोडतो आणि तो निघत नाही. दुसऱ्याच्या ढिगात आपणहून हात घालायचा नाही, त्याने पुढे केले तर घ्यायचे. दोघांची अदलाबदल चालू असताना तिसऱ्याने ‘एवढ्याला कशाला देतोस’ म्हणायचे नाही. मत असेल तर नंतर, एकांतात. दुसऱ्याने शोधलेला गल्ला, म्हणजे ज्या दुकानाशी त्याने वर्षानुवर्षे संबंध जोडले ते दुकान, परस्पर गाठायचे नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडल्यावर जितकी भांडणे झाली तितकी पैशांवरून झाली नसतील.

धुणे-घासणे यावर तर कुणाचेच दुमत नाही. चिंच, लिंबू, पितांबरी हे तांब्याच्या कळशीसाठी. नाणे घासले की वरचा थर जातो, चमक येते आणि किंमत जाते. दुसऱ्याचे नाणे ‘जरा साफ करून देतो’ म्हणून घेणे म्हणजे त्याच्या वस्तूची नासाडीच. आणि मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो, हे नवशिक्याला न सांगता ती पाकिटे त्याला विकणे हेही त्याच मापाचे.

चुकीच्या नाण्यांबाबत बोलताना जीभ सांभाळावी लागते. पाडताना झालेली चूक आणि नंतर झालेली मोडतोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाण्याची सिंहांची बाजू सरळ धरून ते पानासारखे उजवीकडून डावीकडे उलटले की मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी आली तर ठसा फिरलेला, आणि ही खरी टांकसाळीतली चूक. चित्र एका बाजूला सरकून कडेला कोरी चंद्रकोर राहिली तर तीही खरी. पण रेल्वेगावात एक खास प्रकार बघायला मिळतो: रुळावर ठेवून गाडीखाली चपटा केलेला रुपया. तो घेऊन मुले येतात आणि मोठ्या आशेने विचारतात. त्याला काहीही किंमत नाही, तसे करणे जिवावर बेतू शकते आणि कायद्यानेही चालत नाही, हे तिन्ही सांगावे. दहाच्या नाण्याची मधली चकती ठोकून काढून उलटी बसवलेली ‘दुर्मिळ’ नाणी विकणारे महाभागही आहेत. समोरच्याने असे नाणे पैसे देऊन घेतले असेल तर चारचौघांत ‘फसलास’ म्हणू नये. भिंग त्याच्या हातात द्यावे, आपल्याकडचे साधे नाणे शेजारी ठेवावे. बघणारा स्वतःच बघतो.

सापडलेल्या नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते: कुठे मिळाले, कधी, कशाच्या ढिगात. चलनातल्या नाण्याला कशाला एवढे, असे वाटते. ढिगाची माहिती काय करू शकते याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे तेरा हजार नाण्यांचा. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि 1908 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहन राजाने नहपानाची सत्ता उलथली, त्याचा खजिना हाती घेतला आणि तीच नाणी आपल्या नावाने चालवली, हे त्यावरून स्पष्ट झाले. नहपानाचा क्षहरात वंश सातकर्णीने उखडल्याचे नाशिकच्या पांडवलेण्यांतला शिलालेख सांगतो. त्याला धातूचा पुरावा मिळाला. यातले एक नाणे एकटे कुणाच्या खिशात गेले असते तर ते ‘दोन ठशांचे विचित्र नाणे’ एवढेच राहिले असते. ढीग एकत्र राहिला आणि कुणीतरी बसून तो पुरता मोजला, म्हणून दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा आहे हे कळले.

खान्देशात असे काही जमिनीतून निघणार नाही असे कुणी समजू नये. तापीकाठचे प्रकाशे आणि गिरणाकाठचे बहाळ इथल्या उत्खननांनी या खोऱ्यातली वस्ती किती जुनी आहे ते 1950 च्या दशकातच दाखवले. विहीर खणताना, केळीच्या बागेत नांगर लावताना, जुन्या वाड्याची भिंत पाडताना मडके निघते, आणि मग मजूर आणि मालक यांच्यात मूठमूठ वाटणी होऊन चार दिवसांनी ती नाणी एकेक करून छंदिष्टाच्या दारात येतात. ती घ्यायची नाहीत, भाव कितीही पडता असो. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते: काय, किती, कुठे, कधी. लपवले तर सापडणाऱ्याचा त्यातला वाटा जातो, वर शिक्षा. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाणे कुणाचे हे समजून घ्यायचे असेल तर तिथे विचारता येते. लेखी अर्ज मात्र आधी जळगावला जिल्हाधिकाऱ्याकडे द्यायचा, आणि तो देईपर्यंत मडक्यातली माती झटकायची नाही.